अजीजची जागा

"चाचा, आजपाईन तुम्ही स्लिपमा," नवनीत म्हणाला आणि बॉलरकडे वळला.

अजीज तोवर निम्म्या वाटेवर पोचला होता. सव्वीस वर्षं तो ज्या बाभळीखाली फिल्डिंगला उभा राहिला, त्या बाभळीकडे निघालेला. सीमारेषेवरची ती जागा त्याची होती. शहाद्याच्या रिक्षा स्टँडच्या संघात पोरं आली, गेली, कप्तान बदलले. अजीज हलला नाही. उंच गेलेल्या चेंडूखाली अजीज दिसला की बॅट्समन निकालाची वाट न बघता चालू लागत, असा त्याचा लौकिक होता.

"टेनिस बॉलमा स्लिप कोन लावस रे?"

"आपन लावतस," नवनीत म्हणाला.

स्लिप म्हणजे विकेटकीपरच्या उजव्या हाताला, चार पावलांवर. संघात ही जागा आजवर नव्हतीच. ती अजीजसाठी नव्यानं काढली होती. माणसाला एकदम घरी पाठवायचं नसलं की आधी कोपऱ्यातलं टेबल देतात, त्यातला प्रकार. अजीजला ते कळत होतं. गेल्या हंगामात त्यानं चार झेल सोडले होते. चारही वेळा तो चेंडूखाली पोचला होता, पण चेंडू हाताच्या वीतभर पलीकडे पडला. सगळे म्हणाले, गुडघे गेले. अजीजही म्हणाला, गुडघे गेले. बावन्नाव्या वर्षी गुडघ्यांवर आळ घेतला की कोणी पुरावा मागत नाही. बायको अख्तरबानो महिनाभर रोज तेल चोळत होती.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. स्टँडसमोर नवनीतचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, संघाचा कप्तान तो होता, आणि त्याची दुसरीतली मुलगी आशा आणखी पाच पोरांबरोबर रोज अजीजच्याच रिक्षातून शाळेत जायची. अजीज मुकाट्यानं येऊन वाकून उभा राहिला.

दुसऱ्याच षटकात लोणखेड्याच्या सलामीवीराची कड लागली. चेंडू उजव्या अंगाला, जमिनीलगत आला. अजीज नुसता झुकला आणि चेंडू त्याच्या पंजात होता. स्वतःलाच नवल वाटलं. गुडघे कुरकुरलेसुद्धा नाहीत. पोरांनी पाठीवर थापा मारल्या. नवनीत दुरून बघत राहिला. त्यानं टाळी वाजवली नाही.

पाचव्या षटकात पुन्हा कड लागली. अजीजला आवाज ऐकू आला. चेंडू मात्र थेट मागे, सीमारेषेकडे पळतानाच दिसला. सातव्या षटकात तेच. या वेळी चेंडू अजीजच्या डाव्या कोपरापासून हातभर अंतरावरून गेला होता, असं विकेटकीपर राजेंद्रचं म्हणणं.

"चाचा, तुम्ही हालनात बी नई!"

"ऊन शे डोयावर," अजीज म्हणाला.

आभाळ सकाळपासून भरलेलं होतं. राजेंद्रनं वर बघितलं.

षटक संपलं. पोरं टोक बदलत होती. अजीजनं टोपी काढली, घाम पुसायच्या निमित्तानं तळवा उजव्या डोळ्यावर ठेवला आणि समोर बघितलं.

समोर मैदान नव्हतं. राखाडी धूर होता. राजेंद्र चार पावलांवर उभा असायला हवा होता. तिथं धुराचा जरा गडद गोळा होता. अजीजनं तळवा काढला. मैदान परत आलं. पुन्हा ठेवला. पुन्हा धूर.

हे कधी झालं, त्याला सांगता येईना. एका दिवसात झालं नव्हतं एवढं नक्की. मागच्या पंधरवड्यात डोंगरगाव रस्त्यावर डावीकडून एक सायकलवाला एकाएकी उगवला होता. अजीजनं त्याला आईवरून शिवी दिली होती. त्याआधी भाजीची हातगाडी. त्याआधी एक म्हातारी. सगळे न बघता रस्त्यावर येतात, असं तो घरी सांगायचा.

पुढची सहा षटकं तो तिथंच वाकून उभा राहिला. चेंडू आला असता तरी त्याला कळलं नसतं. त्याला रिक्षातल्या सहा जणांची नावं आठवत होती, बसण्याच्या क्रमानं.

सामना हरले. पोरं बॅटा गोळा करत असताना अजीज नवनीतजवळ गेला. खिशातून रिक्षाची किल्ली काढून त्यानं त्याच्या हातावर ठेवली.

"उद्या मन्हा पोऱ्या अरबाजनी सुट्टी शे, तोच पोरेसले शाळामा सोडी. त्याले सांगानी मन्ही हिंमत नई, किल्ली तू दे. मी सकायना गाडीनी नंदुरबारले जास, डोयाना डॉक्टरकडे. गुडघा नई रे नवनीत. डावा डोया गया."

"माले माहीत शे," नवनीत म्हणाला. "बुधवारे आशानी सांगं. पप्पा, चाचा डावाकडे देखतसच नई, म्हने."

"मंग तोंडवर का बरं नई सांगं?"

"तुम्ही मानतात? म्हनीसन तं स्लिपमा उभं करं."

अजीजनं मानलं नसतं. नवनीतच्या दुकानाला मात्र जन्मभर वळसा घालून गेला असता. तेवढ्यात दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली आणि आवाज चढला. मैदानावरची पोरं वळून बघू लागली.

"बुधवारे तुले समजनं? आनि तरी गुरुवारे, शुक्रवारे, शनिवारे तू पोरले मन्हा रिक्षामा बसाडं? बाप शे का कोन शे तू?"

नवनीतनं किल्ली खिशात घातली.

"तिन्ही दिन शाळापावत मी फटफटीवर तुमना डावा बाजूलेच व्हतू, चाचा."