शेजारची सीट

मागच्या बंपरवर तीन ओरखडे होते, एक पोचा होता आणि पार्किंगच्या खांबाचा पिवळा रंग चार सेंटिमीटर लागला होता. बाबांनी लगेच विमा एजंट चोरघेकाकांना स्पीकरवर फोन लावला.

"लेकीचं लायसन्स अजून शिकाऊच ना? मग शेजारी पक्कं लायसन्स असलेलं कोण बसलं होतं?" काकांनी विचारलं.

"कोणी नाही," बाबा म्हणाले. मी गाडी मागे घेत होते तेव्हा ते गाडीमागे उभे राहून "येऊ दे, येऊ दे" ओरडत होते. त्यांचं "बास" धडकेनंतर आलं.

"मग क्लेम विसरा. मिळाला असता तरी नो-क्लेम बोनस जाऊन पुढचा हप्ता वाढलाच असता," काका म्हणाले.

"आधीच केवढा महाग विमा! पक्कं लायसन्स येईपर्यंत किल्ली माझ्याकडे," बाबा फोन ठेवून मला म्हणाले.

"सरावाशिवाय पक्कं कसं येईल? आता तुम्ही शेजारी बसा. आरसे मी बघते, तुम्ही फक्त बोलू नका."

"अहो, बसा. एवढं जमेल ना?" आई बाल्कनीतून म्हणाली.

बाबांनी किल्ली दिली आणि ते शेजारी बसले. मी आरसे लावून गाडी सावकाश मागे घेतली. बाबांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

मी उतरून टेप धरली. बंपरपासून खांबापर्यंत बावीस सेंटिमीटर.