कुसाबाईची कैरी

छायाला ॲडेनोमायोसिसचा आजार. गर्भाशय सुजून पोट पुढे दिसायचं. पंचवटीच्या भाजीबाजारात कैऱ्या विकणारी कुसाबाई दर उन्हाळ्यात तिला पाहून भर गर्दीत ओरडायची, “कितवा महिना गं?”

“अहो मावशी, सूज आहे ती.”

“सूज कशाची! लपवू नको. घे कैरी. डोहाळ्याला पैसे नाय घेत मी.”

छाया मुकाट्याने कैरी घरी न्यायची. सासूबाई तिचं लोणचं घालायच्या.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी ऑपरेशन न करता, पोटावरून ध्वनिलहरींचा शेक देऊन ती सूज उतरवली. यंदा छाया बाजारात गेली, तर कुसाबाई तिच्याकडे बघतच राहिली.

“पोट पार सपाट झालं की! म्हंजे खरंच सूज व्हती? लय छळलं गं बाई मी तुला.”

“असू द्या हो. अर्धा किलो कैऱ्या द्या.”

“लोणच्याला?”

छायाने पाटीतली एक कैरी उचलली, ओढणीला पुसली आणि तिथेच कचकन चावली.

कुसाबाईने तराजू खाली ठेवला. आजूबाजूला पाहिलं. मग छायाच्या कानाशी येऊन, जन्मात पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं, “कितवा महिना गं?”