पायाचं काम

मास्तरांचा कॅन्सरने पोखरलेला जबडा मोठ्या डॉक्टरांनी काढला आणि त्यांच्याच पायातल्या, नडगीशेजारच्या बारीक हाडातून नवा घडवला. ते हाड काढून दिलं धाकट्या डॉक्टरबाईंनी. गुडघ्याजवळच्या नसेला त्यांनी धक्का लागू दिला नाही, घोटा डगमगू नये म्हणून तिथलं चार बोटं हाड जागच्या जागी ठेवलं. पीटीच्या मास्तरांना पुन्हा मैदानावर पळायचं होतं ना!

दोन वर्षांनी मास्तर तपासणीला आले. त्यांनी मोठ्या डॉक्टरांसमोर खणखणीत शिट्टी वाजवून दाखवली. नर्सेस टाळ्या वाजवायला लागल्या, जो तो जबड्याचं कौतुक करत सुटला. बाजूला फाइल धरून उभ्या असलेल्या बाईंकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. त्या मनातून जरा खट्टू झाल्या.

गलका ओसरल्यावर त्यांनी विचारलं, “मास्तर, पाय बघू जरा?”

“बघा की!” मास्तरांनी लगबगीने उजव्या पायाची पँट वर ओढली. पोटरीवर साधा ओरखडाही नव्हता.

“अरेच्चा!” ओशाळं हसत त्यांनी डाव्या पायाची पँट वर केली. “कोणता पाय होता, तेच विसरलो बघा.”

इतकी मोठी शाबासकी बाईंना आजवर कुणी दिली नव्हती.