डोकी तीस, हजर तेहतीस

फौजेतून निवृत्त झाल्यावर शिकायला लागलो; पहिलं वर्ष दुसरीकडे करून, कॉलेज बदलून मी इथे थेट दुसऱ्या वर्षाला आलो. मला बघताच पोरं गप्प व्हायची. मला वाटायचं, काहीतरी शिजतंय. त्यांना वाटायचं, हा प्राचार्यांचा खबऱ्या. माझ्या संशयाला कारण होतंच: वर्गात डोकी तीस, 'हजर' मात्र चक्क तेहतीस. एकेक पोर दोन-दोन आवाज काढायचं. फौजेत असा खोटा 'हजर' म्हणजे सरळ कोठडी. काल गुडघा दाखवायला दवाखान्यात गेलो, हजेरी बुडाली. आधीचे खाडे धरून परीक्षाच हुकणार होती. आज शेजारचा पुटपुटला, "काका, काल त्या पुढच्या बाकावरच्या चष्मेवालीने तुमची हजेरी लावली. घोगरा आवाज काढून." मला सापळाच वाटला. तिचा बाक रिकामा होता. सरांनी पुकारलं, "सतरा?" तिचाच नंबर. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आवाज बारीक करून म्हणालो, "हजर, सर!" आणि सवयीने ताडकन सावधानमध्ये उभा राहिलो.