विसावलेली लिफ्ट

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध लटकली होती आणि आतल्या आजी घंटा वाजवून वाजवून दमल्या होत्या. खाली बरीच माणसं हसतमुखाने उभी होती.

“कधी अडकली?” वायरमनने हत्यारांची पिशवी खाली टाकत विचारलं.

“अडकली नाही हो,” एक काका मायेने म्हणाले. “विसावली आहे.”

वायरमनने कपाळावर हात मारला. या वसाहतीत येऊन त्याला काही महिने झाले होते, पण इथली भाषा काही केल्या त्याच्या पचनी पडत नव्हती. नळ कोरडा पडला की तो ‘आराम करत’ असायचा. दिवे गेले की ‘डोळ्यांना विश्रांती’ मिळायची. जिथे कोणाचीच कसली तक्रार नाही अशी जगातली ही एकच जागा, असं ताई दर रविवारी फोनवर सांगायची. तिने फारच पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे तो चालतं दुकान बंद करून आला होता.

त्याने खटपट करून लिफ्ट खाली आणली. आजी बाहेर आल्या त्या घामाने भिजलेल्या, लटपटत. तरीही हसल्या.

“छान वाटलं आत,” त्या म्हणाल्या.

त्याने तावातावाने भोजनालय गाठलं. ताई ताटं पुसत होती.

“ताई, ही माणसं आहेत की बुजगावणी? म्हातारी गुदमरून मेली असती!”

ताईने इकडेतिकडे पाहिलं आणि हसली. “हळू बोल रे. संध्याकाळी सभा आहे ना तुझी? कायमचा रहिवासी होणार तू. तेवढं शहाण्यासारखं पार पाड. माझ्यासाठी.”

हीच ती ताई, शिळा पाव दिला म्हणून बेकरीवाल्याला भर रस्त्यात फैलावर घेणारी! आता तिला आळणी आमटीही गोड लागायची. तिच्या त्या हसण्याचा त्याला वैताग यायचा आणि त्याहून जास्त काळजी वाटायची. तिला या वेड्यांच्या बाजारात एकटं सोडवेना, म्हणून तर तो दात-ओठ खात इथे टिकून होता.

संध्याकाळी सभागृह खचाखच भरलं. “इथे कायमचं राहायचंय ना?” व्यवस्थापकांनी विचारलं.

त्याने ताईकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“हो,” तो म्हणाला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईने त्याला घट्ट मिठी मारली, हमसून हमसून रडली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. व्यवस्थापकांनी त्याला बाजूला घेतलं.

“उद्या तुमचं पहिलं काम. सगळ्या लिफ्टमधल्या घंटा काढून टाका.”

“घंटा? त्या कशाला?”

“घंटा असली की लोक वाजवतात.”

वायरमनचं डोकं फिरलं. बस्स झालं! ताईला हाताला धरून न्यायचं, नाही आली तर उचलून न्यायचं, पण इथे राहायचं नाही. तो धावत घरी गेला. दार सताड उघडं होतं. ताई नव्हती. भोजनालयातही नव्हती. वाटेत भेटेल त्याला विचारत तो थेट फाटकापाशी पोचला.

“जायचंय? जा की,” फाटकवाला अदबीने म्हणाला. “इथे कोणाला डांबून ठेवत नाहीत. फक्त आपल्या जागी घरचं एक माणूस आणायचं. ते कायमचं राहायला ‘हो’ म्हणालं, की तुम्ही मोकळे.”

“घरचं म्हणून मला एक ताईच आहे!” वायरमन ओरडला. “आणि तिला इथे ठेवून मी एक पाऊलही टाकणार नाही. गेलो तर दोघंही जाऊ!”

“ताई म्हणजे त्या भोजनालयातल्या?” फाटकवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू जरासुद्धा ढळलं नाही. “त्या मघाशीच गेल्या की. फाटकाबाहेर पाय पडला मात्र, अख्ख्या वसाहतीला शिव्या घालत सुटल्या बघा.”