लावणाऱ्याचं झाड

"माझा आवाज येतोय ना?" ऋषिकेशसाहेबांनी लॅपटॉपला पुन्हा विचारलं. पलीकडून होकार आला आणि साहेब सुरू झाले. गांजा कायदेशीर करावा की नाही यावर चर्चा होती. साहेब 'करावा' म्हणणाऱ्यांतले. शनिवार-रविवार मुंबईहून कडावच्या पुढच्या या फार्महाऊसवर यायचे आणि ओसरीवर बसून देशाला शहाणं करायचे.

वनिता तिथेच ओसरी पुसत होती. तिचा सासरा नागू इथला माळी, ती घरकामाला. डोंगराखालच्या वाडीतून दोघं सकाळी चालत यायची. चर्चेतल्या एक डॉक्टरीणबाई सांगत होत्या की कोवळ्या पोरांची डोकी यानं कायमची बिघडतात. वनिताला ते पटलं. मोहोपाड्याला तिच्या आत्तेभावाचं तसंच झालं होतं. कंपनीतली नोकरी गेली आणि आता भिंतीशी बोलत बसतो. मग साहेब म्हणाले, पण तुरुंगात कोण जातं? बडे सुटतात, गरीब अडकतो. झाड लावणारा गुन्हेगार नसतो. हेही तिला पटलं, अगदी आतून पटलं. कारण तसली झाडं समोर कुंपणाच्या कडेलाच उभी होती, चांगली माणसाच्या उंचीची.

बी साहेबांनीच दिलं होतं, पावसाच्या तोंडावर. औषधी झाड आहे, एवढंच नागूला सांगितलं. त्यानं जीव लावून वाढवलं. ते काय आहे हे वनिताला साहेबांची बडबड ऐकून ऐकून कळलं, तेव्हा तिनं धीर करून विचारलंही होतं, बाबांना पुढे काही त्रास नाही ना व्हायचा? साहेब हसले होते. कायदा आज ना उद्या बदलणारच आहे, म्हणाले, आणि मी आहे ना. या 'मी आहे ना'वर गरीब माणूस किती पटकन गप्प बसतो बघा. तीही बसली.

फाटकातून पोलिसांची जीप आत आली. गेल्या आठवड्यातल्या पाहुण्यांनी झाडांपुढे उभं राहून फोटो काढले होते, नागूलाही मध्ये घेतलं होतं आणि हौसेनं जगभर पाठवले होते. तोच फोटो फौजदारांच्या मोबाइलवर होता. साहेबांनी घाईघाईनं आपला आवाज आणि कॅमेरा बंद केला आणि खाली उतरले.

"झाडं कोणाची?" फौजदारांनी विचारलं.

आता नागूच्या वाडीची रीत अशी, की जमीन कुणाचीही असो, झाड लावणाऱ्याचं. परक्याच्या बांधावरचा आंबासुद्धा ज्यानं लावला त्याच्याच नावानं ओळखायचा. 'कोणाचं' म्हणजे कोणाच्या हातचं, एवढाच त्याचा अर्थ. पाहुण्यांनीही हेच विचारलं होतं आणि वाहवा केली होती. नागू ओले हात धोतराला पुसत पुढे आला, चांगला ताठ होऊन.

"माजीच की," तो म्हणाला. "ह्या हातानं लावली."

हवालदारानं ते लिहून घेतलं. वनिता फडकं टाकून धावली. बाबांना काही ठाऊक नाही, बी साहेबांनी दिलं, असं ती सांगायला लागली. नागूनंही मान डोलावली. यात लपवण्यासारखं काय, ते त्याला कळेना. फौजदारांनी साहेबांकडे पाहिलं.

"मी झेंडूचं बी दिलं होतं," साहेब म्हणाले. "बागेचं सगळं नागूच बघतो. आम्ही काय, दोन दिवसांचे पाहुणे."

काय म्हणावं या माणसाला? खोटं बोलायचं ते बोला, पण ज्याचा जन्म मातीत गेला त्या म्हाताऱ्याला झेंडू ओळखता येत नाही म्हणायचं? वनिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नागूला मात्र आपल्याला नेणार आहेत हे अजून समजलंच नव्हतं. त्याला लागलं ते वेगळंच.

"सायेब, झेंडू मी वळकतो."

फौजदार म्हणाले, आधी याला घ्या, साहेबांचा जबाब मागाहून. हवालदार झाडं उपटायला लागले तशी नागू त्यांना समजावू लागला, अशी खेचू नका, बुडाशी पाणी मारा, म्हंजे मुळं तुटत नायत. कुणी ऐकलं नाही. त्यालाही दंडाला धरून जीपकडे नेलं, तेव्हा कुठे तो वळून सुनेकडे बघायला लागला.

वनिता साहेबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"मगाशी त्यांना सांगत व्हतात, ते ह्यांना सांगा. झाड लावनारा गुन्हेगार नसतो म्हनून. तुमी म्हनला व्हतात, मी हाय ना. मंग आता बोला."

साहेब मोबाइलमध्ये वकिलाचा नंबर शोधत होते. स्वतःसाठी. मान वर करायचीही त्यांना सवड नव्हती.

जीप फाटकाबाहेर वळली. मागच्या बाकावर नागू बसला होता, पायाशी त्याची झाडं, मुळांना अजून ओली माती. जीप दिसेनाशी झाली तरी वनिता तिथेच उभी होती. ओसरीवर लॅपटॉप चालूच होता. चर्चा चालवणाऱ्या बाई आर्जवानं विचारत होत्या.

"ऋषिकेशजी, गरिबांवरच्या अन्यायाबद्दल बोलत होतात तुम्ही. बोला ना. तुमचा आवाज येत नाहीये."