शेंड्यावरचे आंबे

"झाडावरून पडलं तर मिळतात ना पैसे?" हर्षदने विचारलं.

"मिळतात," मृणाली म्हणाली. "शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूला दोन लाख. कोण गेलं?"

"आप्पा. माझे वडील, रावजी. घरामागचा रायवळ आंबा आहे. चाळीस फूट उंच, खाली नुसता कातळ."

मृणालीने पेन खाली ठेवलं. तालुक्याच्या कृषी कार्यालयात तिला दोन वर्षं झाली होती, पण रडणाऱ्या माणसाकडे कागद मागायची तिला अजून लाज वाटायची. हा तर रडतही नव्हता. त्याचं तिला जास्तच वाईट वाटलं.

कागद मात्र त्याने फर्स्टक्लास लावले होते. सातबारा, आधार, पासबुक, वारसांची यादी. नाहीतर लोक काय, वर्ष वर्ष खेटे घालतात आणि वर ऑफिसलाच शिव्या देतात!

"मृत्यूचा दाखला, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट राहिला," ती म्हणाली.

"ते होतील. वयाची काही अट आहे का?"

"पंच्याहत्तरपर्यंत. एक दिवस जरी वर झाला, तरी सरकार दमडी देत नाही."

हर्षदने बोटांवर मोजलं. "मंगळवारी पुरी होतात त्यांना पंच्याहत्तर."

माणूस गेला तरी घरच्यांच्या तोंडातून तो लगेच जात नाही, तिला वाटलं. तिचे आजोबा गेले तेव्हा आईही महिनाभर त्यांच्या वाटणीचा चहा टाकायची.

"आणि नुसता पाय गेला असता तर?"

"निम्मे."

"म्हणजे रिक्षा नाही येत," तो स्वतःशीच म्हणाला. मुंबईची नोकरी सुटून वर्ष झालं होतं त्याला. दोन लाखांत जुनी रिक्षा घ्यायची, एवढंच डोक्यात होतं बिचाऱ्याच्या.

तो गेला आणि आप्पांचं आधार टेबलावरच विसरला.

सोमवारी हर्षदच्याच गावात काजू लागवडीची पाहणी होती. मृणालीने ते आधार पर्समध्ये टाकलं. तेवढंच घरच्यांना भेटून दोन शब्द बोलू, म्हणून ती चढण चढून त्यांच्या घरी गेली.

अंगणात एक म्हातारा आंबे उतरवायच्या झेल्याची जाळी शिवत बसला होता. चेहरा ओळखीचा वाटला. आप्पांचा भाऊ असणार. आधारवरच्या फोटोवरून कोण कुणाला ओळखतंय म्हणा, स्वतःचाच फोटो बघून दचकायला होतं!

"ये गो बाय, बस. पाणी घे." त्याने गुळाचा खडाही पुढे केला.

"हर्षद आहेत?"

"मागं आहे. शिडी लावतोय."

"फार वाईट झालं हो," ती हळू आवाजात म्हणाली. "रावजींचं."

म्हातारा खळखळून हसला. "मीच गो तो रावजी! माझं काय झालं?"

मृणालीच्या हातातला तांब्या हातातच राहिला. घरामागून हाक आली, "आप्पा, या!"

"आलो रे!" म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला. त्याने झेला खांद्यावर घेतला. चेहऱ्यावर आनंद नुसता मावत नव्हता. "वर्षभर धड बोलत नव्हता गो पोरगा माझ्याशी. आणि आता सारखा मागं लागलाय. शेंड्यावरचे आंबे तुम्हीच काढा आप्पा, तुमच्यासारखं कुणाला जमत नाही. मी म्हटलं, उद्या माझा वाढदिवस, उद्या चढतो. तर म्हणतो, उद्या नको, आजच."